नॉर्वेचं विरजण

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, बर्गन शहराच्या उत्तरेला गुलेन नावाचा भाग आहे. हजारएक वर्षांपूर्वी पश्चिम नॉर्वेतले शेतकरी इथे सभेला जमायचे आणि त्या सभेने मानलेला कायदा साऱ्या प्रदेशाला लागू व्हायचा. गुलातिंगचा कायदा म्हणून तो ओळखला जातो. त्यातलं एक कलम सणाच्या बीअरविषयी आहे. शेतकऱ्याने नाताळासाठी घरी बीअर करावी, शेजाऱ्यांसोबत बसून ती प्यावी आणि पिण्याआधी चांगल्या पिकासाठी, शांततेसाठी ख्रिस्ताच्या आणि मेरीमातेच्या नावाने अर्पण करावी. कुणी हे केलं नाही तर दंड. सलग तीन वर्षं केलं नाही आणि ते शाबीत झालं, तर सगळी मालमत्ता जप्त. निम्मी राजाला, निम्मी बिशपला.

बीअर म्हटल्यावर आपल्यासमोर कारखाना, बाटली आणि परमिट रूम येते. घरी दारू करणं म्हणजे गुन्हा, हे आपल्या मनात इतकं पक्कं आहे की घरी बीअर न करणं हा एके काळी गुन्हा होता, हे वाचून चमकायला होतं. पण माणसाच्या इतिहासातला बहुतेक काळ बीअर हा घरात, घरच्या धान्यापासून, घरच्यांसाठी होणारा पदार्थ होता. युरोपात घरोघरीची ही बीअर हळूहळू संपली. कर आले, कारखाने आले, शहरं वाढली, बाजारातलं स्वस्त यीस्ट गावोगाव पोचलं. तरीही पश्चिम नॉर्वेच्या काही दऱ्यांमध्ये मूठभर घरांनी ती सोडली नाही. त्या घरांनी काय राखलं, हे जगाला गेल्या दहा-बारा वर्षांत समजलं. राखलेली ती चीज चमचाभर आहे, पण तिच्यामुळे बीअरच्या शास्त्रातली काही गृहीतकं बदलावी लागली. म्हणून हा लेख.

शेत तिथे बीअर

पश्चिम नॉर्वेचा नकाशा पाहिला की तिथल्या घरगुती बीअरचं कारण कळतं. समुद्राचे लांबलचक फाटे डोंगरांत घुसलेले, दोन्ही बाजूंना कडे, मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात एकेकटी शेतं. पूर्वी एका दरीतून दुसऱ्या दरीत जायचं तर बहुधा होडीनेच. शहरातून बीअरची पिंपं आणणं ना परवडणारं, ना शक्य. द्राक्षं तिथे पिकत नाहीत. बार्ली आणि ओट मात्र पिकतात. मग जे पिकतं त्याची भाकरी, त्याचीच लापशी आणि त्याचीच बीअर.

ही बीअर रोज प्यायची नसे. वर्षाच्या कालचक्रात तिच्या जागा ठरलेल्या होत्या. नाताळ, लग्न, बारसं, मयत, उन्हाळ्यातली गवतकापणी. अंत्यविधीच्या बीअरलाही मान होता, कारण लांबून आलेल्या पाहुण्यांना पाजायला दुसरं काही नसे. कितीतरी भागांत हे काम घरच्या बाईचं होतं आणि चांगली बीअर करणारीचं पंचक्रोशीत नाव असायचं.

या सगळ्याची नोंद झाली ती ऑड नूरलान या अभ्यासकामुळे. नॉर्वेच्या लोकजीवन संशोधन संस्थेने विसाव्या शतकाच्या मध्याला गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडे प्रश्नावल्या पाठवल्या होत्या. बार्लीला मोड कसे आणता, यीस्ट कशात ठेवता, बीअर बिघडू नये म्हणून काय करता, असे साधे प्रश्न. आलेल्या उत्तरांवरून नूरलान यांनी १९६९ साली नॉर्वेतल्या बीअरपरंपरेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्या वेळीच बऱ्याच गावांतून उत्तर आलं होतं की आमच्याकडे आता कुणी करत नाही, आई करायची. ग्रंथ ग्रंथालयात गेला आणि अनेकांनी गृहीत धरलं की विषय संपला.

व्हॉसमधला एक दिवस

विषय संपला नव्हता. बर्गनहून ऑस्लोकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर व्हॉस लागतं. तिथल्या काही घरांत आजही जुन्या पद्धतीने बीअर होते. त्या दिवशी घरात दुसरं काम होत नाही.

सुरुवात ज्युनिपरपासून. हे तिथल्या डोंगरउतारांवर वाढणारं सदाहरित, काटेरी पानांचं झुडूप. जिनला वास देणारी फळं याचीच. त्याच्या डहाळ्या तोडून आणायच्या, तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाण्यात घालायच्या आणि खाली लाकडं पेटवायची. पाण्याला हिरवट-तपकिरी रंग आणि रानाचा वास येतो. पुढे दिवसभर जिथे पाणी लागेल तिथे हेच वापरायचं. भांडी धुवायलाही हेच, कारण ज्युनिपरच्या पाण्याने जंतूंना आळा बसतो हा पिढ्यांचा अनुभव.

दुसरी गोष्ट माल्ट. बार्ली भिजवून तिला मोड आणायचे आणि मोड ठरावीक लांबीचे झाले की ती वाळवून वाढ थांबवायची. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात. या विकरांचं काम पिठूळ स्टार्चची साखर करणं. रोपाला वाढण्यासाठी ती साखर हवी असते. माणूस मध्येच दाणा वाळवून ती शक्ती राखून ठेवतो. मध्य नॉर्वेतल्या स्त्योर्दाल भागात शेतकरी आजही आपला माल्ट स्वतः करतात. त्यासाठी वेगळ्या छोट्या भट्टीघरात आल्डरची लाकडं जाळून त्या धुरावर दाणे वाळवतात. तिथल्या बीअरला धुराचा ठसठशीत वास असतो आणि तोच त्या भागाचा अभिमान आहे. व्हॉसमध्ये आता बहुतेक जण माल्ट विकत आणतात.

भरडलेला माल्ट गरम ज्युनिपर-पाण्यात कालवला की दाट मिश्रण होतं. ते साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला राहिलं पाहिजे. तेवढ्या उष्णतेत विकरं जागी होतात आणि तास-दीड तासात स्टार्चची साखर करतात. मिश्रण चाखलं तर सुरुवातीला पिठूळ लागतं आणि बघता बघता गोड होतं. मग ते तळाशी ज्युनिपरच्या डहाळ्या अंथरलेल्या लाकडी पिंपातून गाळायचं. चोथा डहाळ्यांवर अडतो, तोटीतून गोड, गढूळ काढा झिरपत राहतो. चोथा गुरांना जातो.

इथून पुढे दरीगणिक रीत बदलते. व्हॉसमध्ये हा काढा हंड्यात परत घालून चार-चार तास उकळतात. तो आटतो, साखर करपत जाते आणि रंग तांबूस होतो. बीअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं घालतात, पण जपून. व्हॉसच्या उत्तरेला, सुनमोर आणि होर्निंदाल भागात काढा मुळीच उकळत नाहीत. न उकळलेल्या बीअरमध्ये धान्यातली प्रथिनं तशीच राहतात. ती धुकट दिसते, तोंडात भरीव लागते, दाण्याची चव ठळक राहते. ती फार टिकत नाही. पण सणाला केलेली बीअर सणात संपतेच, त्यामुळे टिकण्याची गरज कुणाला भासली नाही. उकळल्याशिवाय बीअर होत नाही, असं कारखान्याच्या शास्त्रात शिकवलं जातं. या दऱ्यांतली माणसं पिढ्यानपिढ्या ती तशीच करत आली आहेत.

मग काढा निववायचा आणि यीस्ट सोडायचं. किती निववायचा, यालाही जुनं माप होतं. नुकत्या काढलेल्या दुधाइतका कोमट. व्हॉसमध्ये तर तो चाळीस अंशांच्या जवळपास असतानाच यीस्ट घालतात. काही गावांत यीस्ट सोडताना मोठ्याने आरोळी ठोकायची प्रथा होती. वाईट शक्ती पळून जाव्यात, यीस्ट जोमाने कामाला लागावं म्हणून. नूरलान यांच्या ग्रंथात आणि नंतरच्या संशोधनात या आरोळ्यांच्या नोंदी आहेत. दीडशे लिटर काढ्यामागे दिवसभराची लाकडं, वर्षभराची बार्ली आणि घराची अब्रू पणाला लागलेली असायची. त्या क्षणी सगळं त्या न दिसणाऱ्या जिवांच्या हाती. आरोळी ठोकावीशी वाटणारच.

शुद्ध यीस्टचा काळ

चाळीस अंशांना यीस्ट घालतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाहेरच्या ब्रूअरांचा विश्वास बसेना. साध्या एल बीअरचं यीस्ट १८ ते २२ अंशांना उत्तम काम करतं. लागर बीअरचं, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक बाटलीबंद बीअरचं, त्याहून गार वातावरणात, ८ ते १३ अंशांत. तापमान वाढलं की नेहमीचं यीस्ट नको ते वास सोडतं आणि बीअर सॉल्व्हंटसारखी उग्र होते. नॉर्वेतल्या लोकांची बीअर मात्र स्वच्छ चवीची, वासाला संत्र्याच्या सालीसारखी आणि दोन दिवसांत तयार. हे कसं?

उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं. यीस्ट हा सजीव आहे आणि आंबणं हे त्याचं काम आहे, हे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं. बीअरवरचा त्यांचा ग्रंथ १८७६चा. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तिआन हान्सेन यांनी एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वेगळं केलं. तोवर कारखान्यांतलं यीस्ट म्हणजे अनेक प्रकारांची सरमिसळ असायची. त्यात एखादा बिघडवणारा प्रकार शिरला की हजारो लिटर बीअर ओतून द्यावी लागे. हान्सेन यांच्या शोधाने हे संकट टळलं आणि कार्ल्सबर्गने ते यीस्ट दुसऱ्या कारखान्यांना मोफत दिलं. हे औदार्य मोठं होतं आणि शोधही मोठा होता.

त्याची दुसरी बाजू अशी की जगभरच्या कारखान्यांची वाट एकाच दिशेने वळली. शुद्ध लागर यीस्ट, शीतगृहं, सगळीकडे सारखी चव. बेकरीचं तयार यीस्टही खेड्यापाड्यांत मिळायला लागलं. घरचं यीस्ट राखायचं तर काळजी घ्यावी लागते. दुकानातलं स्वस्त आणि भरवशाचं. एकेका घरातलं जुनं यीस्ट फेकलं गेलं. स्त्योर्दालमध्ये माल्ट घरचा उरला, पण आज तिथे बेकरीचं यीस्टच वापरतात. फिनलंडच्या साहती या प्राचीन बीअरचीही तीच गत. २००२ साली युरोपीय संघाने साहतीला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं, पण तिचं मूळचं यीस्ट गेलेलं होतं.

मागून आणायचं, मागितलं की द्यायचं

व्हॉस, हार्डांगर, सुनमोर, होर्निंदाल या भागांत मात्र काही घरांत ते टिकलं. तिथे त्याला क्वाइक म्हणतात. ते टिकण्यामागची रीत मराठी घराला वेगळी समजावून सांगायला नको. ते विरजणासारखं राखलं जातं. आजच्या बीअरमधून थोडं काढून ठेवायचं, ते पुढच्या बीअरला लावायचं. आपलं बिघडलं तर शेजारणीकडे भांडं घेऊन जायचं. तिचं बिघडलं तर ती आपल्याकडे येणार. त्याची किंमत कुणी लावत नाही आणि नाही कुणी म्हणत नाही.

फरक एवढाच की बीअर वर्षातून दोन-तीनदाच व्हायची, तेव्हा हे जिवंत विरजण महिनोन् महिने राखावं लागे. त्यासाठी या लोकांनी ते सुकवायची युक्ती शोधली. भोकं पाडलेला लाकडी ओंडका यीस्टच्या साक्यात बुडवायचा आणि टांगून वाळवायचा. कुठे गवताचं किंवा लाकडाच्या तुकड्यांचं गुंफलेलं कडं, कुठे तागाचं फडकं. ही लाकडी कडी आजही नॉर्वेच्या संग्रहालयांत दिसतात. यीस्ट कुठून उचलायचं यालाही गावागावाचा नियम. व्हॉसमध्ये तळाच्या साक्यातून, होर्निंदालमध्ये वर आलेल्या फेसातून. एकाच देशातल्या दोन दऱ्यांमध्ये ही पिढ्यान्पिढ्यांची निवड वेगवेगळी झाली आणि दोन्हीकडची यीस्टं आपापल्या वळणाने घडली. आज ती कागदावर पापुद्र्यांसारखी वाळवून फ्रीजरमध्ये ठेवतात. साधन बदललं, रीत तीच राहिली.

बीअर पिंपात भरायच्या दिवशी शेजारपाजारी जमायचे. चव बघायला, मत द्यायला आणि लागलं तर आपल्यासाठी यीस्ट न्यायला. ज्याची बीअर चांगली झाली त्याचं यीस्ट चार घरी जायचं, ज्याची बिघडली त्याचं टाकलं जायचं. प्रयोगशाळेत ज्याला निवड म्हणतात ती निवड इथे गावाने शेकडो वर्षं केली. उष्ण काढा सोसेल, लवकर काम उरकेल, वाळवल्यावर मरणार नाही आणि चवीला गोमटं राहील असंच यीस्ट पुढे गेलं.

एका हौशी माणसाचं काम

हे जगासमोर आणलं लार्स मारियुस गार्शोल यांनी. ते पेशाने सॉफ्टवेअरचे माणूस, बीअरचा छंद असलेले. नूरलान यांचा ग्रंथ वाचून त्यांना प्रश्न पडला की हे अजून कुठे उरलं असेल का. २०१४च्या सुमाराला ते मित्रांसोबत पश्चिम नॉर्वेत हिंडले, ब्रूअरांच्या घरी राहिले, दिवसभर त्यांच्या हंड्यापाशी उभं राहून तापमानं टिपून घेतली. व्हॉसमधल्या एका गृहस्थांनी आपलं यीस्ट त्यांना दिलं. ते त्यांनी इंग्लंडमधल्या नॉर्विच इथल्या राष्ट्रीय यीस्ट संग्रहाकडे तपासायला पाठवलं. मग आणखी घरं, आणखी यीस्टं. प्रत्येकाला त्यांनी क्रमांक दिला, कुठल्या गावातलं, कुणाच्या घरातलं, किती अंशांना वापरतात, वरून घेतात की खालून, अशी यादीच तयार केली. २०२० साली त्यांचं सविस्तर इंग्रजी पुस्तक आलं.

यीस्टं कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांपर्यंत पोचली. २०१८ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, गार्शोल त्याचे एक सहलेखक. निष्कर्ष असा की ही नॉर्वेची यीस्टं बीअरच्या माणसाळवलेल्या यीस्टांमधला एक वेगळा जनुकीय गट आहेत. चाळीस अंशांपर्यंतचं तापमान ती सोसतात, वेगाने आंबवतात, जास्त अल्कोहोलमध्ये टिकून राहतात आणि काम संपल्यावर झटकन तळाशी बसतात. रानटी यीस्टमध्ये असणारा लवंगेसारखा उग्र वास त्यांच्यात नाही. म्हणजे माणसाच्या सोबतीत ती पुष्कळ काळ राहिलेली आहेत. बहुतेक घरांच्या यीस्टमध्ये एक नव्हे, अनेक प्रकार एकत्र नांदताना सापडले.

आज अमेरिका-कॅनडातल्या कंपन्या ही यीस्टं पाकिटांतून विकतात. जिथे खोलीचं तापमान तिशीच्या वर जातं अशा देशांतल्या घरगुती ब्रूअरांना त्यांचा मोठाच उपयोग झाला, कारण आंबवणीला शीतकपाट लागत नाही. होर्निंदालमध्ये २०१६पासून या बीअरचा उत्सव भरतो आणि जगभरचे ब्रूअर तिथे जातात. एक प्रश्न मात्र मला टोचतो. ज्या घरांनी पैसा न घेता पिढ्यान्पिढ्या हे वाटलं, त्यांच्या ठेव्यावर आता व्यापार उभा आहे. त्या घरांचा त्यात वाटा काय? पाकिटावर गावाचं नाव छापणं हा फार तर आरंभ झाला.

कायदा आणि घर

नॉर्वेच्या दऱ्यांत हे टिकलं याचं एक कारण असं की स्वतःपुरती बीअर करणं तिथल्या शेतकऱ्याच्या हातून कायमचं काढून घेतलं गेलं नाही. इतरत्र तसं झालं. इंग्लंडमध्ये १८८० साली ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा जुना कर हटवून बीअरवर कर आणला आणि घरी बीअर करणाऱ्यालाही परवाना लागू लागला. घरगुती बीअर ओसरत गेली. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी हा परवाना रद्द केला, तेव्हा ती पुन्हा स्वयंपाकघरात आली.

अमेरिकेची हकिगत आणखी बोलकी आहे. १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन करायला मुभा मिळाली, बीअरला मिळाली नाही. कारखाने एकमेकांना गिळत गेले आणि सत्तरच्या दशकाअखेर एवढ्या मोठ्या देशात शंभरहून कमी ब्रूअरी उरल्या. ऑक्टोबर १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली. त्यात कॅलिफोर्नियाचे सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांनी सुचवलेली तरतूद होती. प्रौढ व्यक्तीने वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन, म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर बीअर स्वतःपुरती करावी, कर नाही. विकायची नाही. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे चार्ली पपेझियन यांनी घरगुती ब्रूअरांची संघटना काढली. कॅलिफोर्नियातल्याच चिको गावात घरगुती ब्रूइंगचं सामान विकणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी १९८० साली सिएरा नेवाडा ब्रूअरीची पहिली बीअर काढली. आज तिथे नऊ हजारांहून अधिक ब्रूअरी आहेत आणि त्यांतल्या कितीतरींचा आरंभ कुणाच्या तरी घरातल्या वीस लिटरच्या भांड्यात झाला. राज्यांचे कायदे मात्र सावकाश बदलले. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी परवानगी दिली ती २०१३ साली.

आपल्याकडे

भारतात दारू हा राज्यांचा विषय. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय कुठलीही दारू तयार करणं हा गुन्हा आहे. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली आणि ताज्या बीअरची चव मराठी शहरांना कळली, पण ती परवानाधारक मायक्रोब्रूअरी आहे. घरात बीअर करायला मुभा नाही. तेव्हा हा लेख वाचून कुणी बादली आणि माल्ट आणायला निघू नये.

कायद्यामागे दुःखाचा इतिहास आहे, तोही नीट समजून घ्यायला हवा. जून २०१५मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. घात केला तो मिथेनॉलने. धान्याच्या बीअरमध्ये ते नगण्य असतं. असे बळी जातात ते बहुधा दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. दोन्हींना एकाच तराजूत घालणं शास्त्राला धरून नाही. पण दारूने उद्ध्वस्त होणाऱ्या घरांचा प्रश्न मिथेनॉलपुरता नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या, त्यातही बायकांच्या लढ्यातून. त्या बायकांचं म्हणणं बाजूला सारून घरगुती बीअरचं कौतुक करता येणार नाही, आणि मला ते करायचंही नाही.

मला म्हणायचं आहे ते ज्ञानाविषयी. आंबवण्याचं ज्ञान भारतातही घराघरांत आहे. आसामच्या दिमा हासाओ जिल्ह्यातले दिमासा लोक चिकट तांदळापासून जुदिमा करतात. त्याला लागणाऱ्या आंबवणीच्या वड्यांत थेम्ब्रा नावाच्या रानवेलीची साल असते. २०२१ साली जुदिमाला भौगोलिक मानांकन मिळालं. सिक्कीममधले लिंबू लोक नाचणी आंबवून तोंगबा करतात, वर गरम पाणी ओतून बांबूच्या नळीने पितात. झारखंडच्या हडियासाठी रानू नावाच्या वड्या लागतात. या पद्धतींत धान्याला मोड आणत नाहीत. वडीतली बुरशी स्टार्चची साखर करते आणि वडीतलंच यीस्ट साखर आंबवतं. नॉर्वेच्या ओंडक्यासारखी ही वडीही वाळवून राखली जाते आणि ती करण्याचं कसब बहुतांशी बायकांच्या हातात आहे.

कोकण आणि गोव्यात माडीचं यीस्ट स्वयंपाकघरात होतं. गोव्याचे सान्ना माडीने फुगत आणि तिथल्या पोदेरांच्या, म्हणजे पाववाल्यांच्या, पावाचं पीठही पूर्वी माडीनेच फुगायचं. आता बेकरीचं तयार यीस्ट आलं आहे आणि माडावर चढणारे रेंदेर कमी होत चालले आहेत. नॉर्वेत शंभर वर्षांपूर्वी जे झालं ते इथे आपल्या डोळ्यांसमोर होत आहे. यात पिण्याचा मुद्दा येतच नाही. पाव, सान्ना, आंबील, घरची आंबवणी, या सगळ्यांतल्या सूक्ष्मजीवांचा हा मुद्दा आहे. एकदा ते फेकले गेले की पुस्तक वाचून परत आणता येत नाहीत. कृती कागदावर राहते, जीव राहत नाही. साहतीने हे भोगलं आहे.

यासाठी लागणारी संस्था आपल्याकडे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, नॉर्विचच्या संग्रहासारखाच. कृषी विद्यापीठं आहेत, अन्नतंत्राची महाविद्यालयं आहेत, प्रकल्पाला विषय शोधणारे विद्यार्थी आहेत. नूरलान यांच्यासारख्या प्रश्नावल्या पाठवायला फार पैसा लागत नाही. गार्शोल यांच्याजवळ तर पद, अनुदान, प्रयोगशाळा यांतलं काहीच नव्हतं. त्यांच्याजवळ वही होती, थर्मामीटर होता आणि परक्या घरी जाऊन नम्रपणे विचारायची तयारी होती.

तेव्हा विनंती अशी. आपल्या गावात, आजोळी, ओळखीच्या पाड्यावर आंबवणीची कुठलीही जुनी रीत अजून चालू असेल, तर या दिवाळीत तिथे जा. करणाऱ्या बाईचं नाव, गाव, महिना, भांडं, प्रमाण, किती वेळ, किती ऊब, हे सगळं तिच्या शब्दांत लिहून घ्या. तिची परवानगी घ्या आणि तिच्या नावानेच ते छापा. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारं कुणी घरात असेल तर त्याला सोबत न्या आणि नमुना संग्रहापर्यंत पोचवायचा मार्ग विचारा. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका, कारण ज्यांना हे येतं ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत.